भिंतीपलीकडचा बँड

मी जळगावला कशासाठी चालले होते हे चिपळुणात फक्त नवऱ्याला माहीत होतं. आमच्या औषधाच्या दुकानात येणाऱ्यांना मी सांगितलं, मैत्रिणीकडे जातेय. शेहेचाळीस वर्षांची बाई दोन दिवसांत गाण्याचे दोन कार्यक्रम ऐकायला खानदेशात जाते, तेही दोन्हीकडे तोच बँड आणि तीच गाणी, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगणं मला जमलं नसतं. नवरा म्हणाला, "फोनवर ऐकता येत नाही का?" मी म्हटलं, "फोनवरच ऐकत आलेय."

बँडचं नाव पारा पंचेचाळीस. जळगावात मे महिन्यात पारा जिथे चढून बसतो तो आकडा. माझे वडील वरणगावच्या कारखान्यात होते, म्हणून माझं कॉलेज जळगावात झालं. त्या वर्षांत चार मुलांनी हा बँड काढला. मराठीत आणि थोडं खानदेशीत गायचे. गाणारा विवेक, ड्रम वाजवणारा हिरामण आणि दोघे गिटारवाले. एक कॅसेट निघाली, दोन-तीन वर्षं गणपतीत आणि गॅदरिंगमध्ये कार्यक्रम झाले, मग विवेक पुण्याला नोकरीला गेला आणि सगळं संपलं.

पण मी आणि माझी मैत्रीण नसीम, आम्ही त्यांचा एकही कार्यक्रम पाहिला नव्हता. माझ्या होस्टेलचं दार सातला बंद व्हायचं आणि नसीमच्या घरी विचारायची सोय नव्हती. आम्ही बँड ऐकला तो भिंतीच्या पलीकडून. नसीमच्या घरामागे एक बंद पडलेलं कापसाचं जिनिंग होतं. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची तालीम चालायची, चार ते सहा. अभ्यासाच्या नावाखाली मी तिच्याकडे जायचे आणि आम्ही मागच्या भिंतीला पाठ लावून बसायचो. नसीमचे अब्बा पत्र्याच्या पेट्या बनवायचे. दिवसभर अंगणात ठोकाठोक. त्यामुळे तिचा कान फार तयार. त्यांचा हातोडा कुठे चुकला हे ती आतून सांगायची. हिरामणचंही सांगायची.

हे चौघे पुन्हा एकत्र येणार, शनिवारी जळगाव, रविवारी धुळे, असं कळलं तेव्हा फोनवरच्या चाहत्यांच्या ग्रुपमध्ये भांडणंच लागली. कुणी लिहिलं, आता मरायला मोकळा. कुणी लिहिलं, पोट सुटलेल्या माणसांनी ही गाणी म्हणू नयेत. दोंडाईच्याचे एक अनिलभाऊ होते, त्यांनी लिहिलं, मी जाणार, आणि जाऊन आल्यावर वाईट वाटणार हे मला आत्ताच माहीत आहे. नसीमचा मात्र मला सरळ फोन आला. "विजू, या वेळी भिंत नाही. येतेस ना?"

शुक्रवार, जळगाव

गाडीतल्या प्रवासाचं काही सांगण्यासारखं नाही. स्टेशनवर उतरले तर डिसेंबरातलं कोरडं, पांढरं ऊन. कोकणातल्या माणसाला खानदेशच्या थंडीची पहिली ओळख ओठांना होते. अर्ध्या तासात माझे ओठ फुटले. आमच्याकडे थंडीतही हवेला ओल असते. इथे सकाळी वाळत घातलेला टॉवेल चहा होईपर्यंत कडक होतो.

नसीम अजून त्याच भागात राहते, तिच्या नवऱ्याचं कपाटांचं दुकान आहे. जिनिंगच्या जागी आता पाच मजली इमारत आहे. मी बराच वेळ त्या इमारतीकडे बघत राहिले. नसीम म्हणाली, "नको बघूस. मी रोज बघते, काही होत नाही त्याने."

जेवायला तिने भरीत केलं होतं. खानदेशातली भरताची वांगी हिरवी आणि हातभर लांब असतात. ती कपाशीच्या काटक्यांवर भाजायची, मग लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांसह ठेचायची, वर कांद्याची पात आणि तेल. बरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. चिपळुणात मी वांग्याचं भरीत म्हणून जे करते त्याला नसीमच्या घरी कुणी भरीत म्हणणार नाही. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिचा नवरा घाईघाईने दही आणायला उठला. "भाभी, तुम्ही इथल्या राहिल्या नाहीत," तो म्हणाला. गमतीने म्हणाला, पण मला ते लागलं.

शनिवार, जळगाव

कार्यक्रम साडेसहाला. आम्ही पाचलाच गेलो. रांगेत सगळे आमच्याच वयाचे. पांढरे झालेले केस, चाळिशीचे चष्मे, बरोबर कंटाळलेली मोठी मुलं. एक उंच, स्थूल गृहस्थ पुढे उभे होते. अंगात बँडचा जुना टी-शर्ट, तो पोटावर नीट बसेना म्हणून वर जाकीट. बोलता बोलता कळलं, हेच दोंडाईच्याचे अनिलभाऊ. धान्याचे व्यापारी. बायकोची ओळख करून देत म्हणाले, "हिला यातलं काही आवडत नाही. हिला फक्त मी रडलो तर सावरायला आणलं आहे."

मैदानात पुढे पाहुण्यांसाठी सोफे आणि जाहिरातींचे फलक होते. मग दिवे बदलले आणि ते चौघे आले. विवेकच्या डोक्यावर केस नव्हते. हिरामण मागे ड्रमवर बसला, बुटका, गळ्यात मफलर. ज्यांना मी सव्वीस वर्षं ओळखत होते त्यांचे चेहरे मी पहिल्यांदा पाहत होते.

कापसाचं गाणं, त्यांचं सगळ्यांत गाजलेलं, तिसरं होतं. ते एकट्या ड्रमवर सुरू होतं. पहिला ठोका पडला आणि सगळं मैदान उठलं. मी उभी राहून रडले, लाज न बाळगता रडले. विवेकचा आवाज वरच्या पट्टीत फाटत होता, तो मध्येच माईक लोकांकडे करत होता, पण त्याचं कुणाला काही नव्हतं. शब्द सगळ्यांना पाठ होते. माझ्या बाजूला नसीम मात्र खुर्चीत बसून होती, दोन्ही हात मांडीवर. मला वाटलं, तिचंही मन भरून आलं असेल.

साडेआठला संपलं. बाहेर चहाच्या गाडीशी अनिलभाऊ भेटले. त्यांची बायको त्यांच्या शेजारी उभी होती आणि ते रडलेले नव्हते. मी विचारलं, "कसं वाटलं?" त्यांनी कप गाडीवर ठेवला. मग घरच्या बोलीत म्हणाले, "बठ्ठं तेच शे. पन ते नही." सगळं तेच आहे, पण ते नाही.

चालत परत येताना नसीम म्हणाली, "हिरामण वाजवत नव्हता."

मला कळलंच नाही.

"ड्रमचं रेकॉर्डिंग लावलं होतं, विजू. तो नुसता काड्या हलवत होता. मोठा ठोका वाजला तेव्हा त्याचा हात वर होता. आणि कापसाच्या गाण्यात तो पहिल्या कडव्यानंतर नेहमी एक ठोका उशिरा घ्यायचा. तालमीत रोज. कॅसेटमध्येसुद्धा आहे. आज तो बरोबर वेळेवर आला."

मी तिच्यावर भडकले. म्हटलं, तुला कशातच सुख घेता येत नाही. सव्वीस वर्षांनी एक संध्याकाळ मिळाली आणि तू तिथे बसून चुका शोधत होतीस. ती म्हणाली, "चुका शोधत नव्हते गं. चूक नव्हती, तेच तर सांगतेय." मी घरापर्यंत तिच्या दोन पावलं पुढेच चालले.

रविवार, पारोळ्याच्या अलीकडे

धुळ्याला जायचं की नाही, असं सकाळी दोघींच्याही मनात होतं, तरी निघालो. बसमध्ये शेजारी बसलो आणि खिडकीबाहेर बघत राहिलो. एरंडोलच्या पुढे कपाशीची शेतं होती, वेचणी होऊन गेलेली, काटक्यांना कुठे कुठे पांढरा कापूस अडकून राहिलेला. कोकणात शेत मोकळं झालं तरी बांधावर काहीतरी हिरवं असतं. इथे शेत रिकामं झालं की अगदी क्षितिजापर्यंत रिकामं.

पारोळा यायच्या आधी बसचं मागचं चाक बसलं. कंडक्टर म्हणाला, तासभर तरी लागेल, समोर ढाब्यावर जेवून घ्या. ढाब्याच्या दारात एक पांढरी टेम्पो ट्रॅव्हलर उभी होती आणि आत विवेक लोकांबरोबर फोटो काढून घेत होता.

हिरामण आत नव्हता. तो मागच्या बाजूला उन्हात खाटेवर एकटा जेवत बसला होता. पुढ्यात शेवभाजीची वाटी आणि भाकरी. नसीमने माझं मनगट दाबलं. "बघ."

तो डाव्या हाताने जेवत होता. आपल्याकडे जेवताना डावा हात कुणी अन्नाला लावत नाही, म्हणून ते फार डोळ्यांत भरलं. उजवा हात त्याने मफलरच्या टोकाखाली मांडीवर ठेवला होता.

आम्ही जवळ गेलो. नसीमने ओळख सांगितली, जिनिंगच्या मागचं घर म्हणून. तो घास तसाच ठेवून हसला. "पेटीवाले चाचा! शेडवर दगड मारायचे."

"माझे अब्बा," नसीम म्हणाली. "तुम्ही ठोका चुकलात की मारायचे."

"मग रोजच मारत होते." तो खाटेवर सरकला. "बसा ना, ताई. उभ्या का?"

त्याने आम्हालाही शेवभाजी मागवली. लालभडक तर्री, वर जाडी शेव. खाता खाता तो आपल्या गावाचं, पिंपळनेरचं सांगत होता. शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचं त्याचं दुकान आहे. नसीमने काहीच विचारलं नाही, पण ती त्याच्या मफलरकडे बघत होती हे त्याला दिसलं. त्याने हात बाहेर काढला. मनगटावर लांब शिवण होती, आणि हात एका बाजूला किंचित कललेला.

"तीन वर्षं झाली. घाटात मोटारसायकल घसरली. आत धातूची पट्टी आहे. दोन-तीन मिनिटं चालतो, मग मनगट बसून जातं. दुकानात आता मोटारी मुलगी भरते. मी बाजूला बसून सांगतो." त्याने हात पुन्हा मफलरखाली घेतला. "इथेही बसूनच आहे."

"काल मला कळलं," नसीम म्हणाली.

"तुम्हाला कळणारच." त्याला राग आला नाही. "विवेकभाऊ वाईट माणूस नाही, ताई. तो म्हणाला, तू नसशील तर मी स्टेजवर चढणार नाही. लोकांना तू दिसायला पाहिजेस, बाकीचं मी बघतो. मग मी आलो. मलाही यायचं होतं."

इथे विषय संपला होता. नसीमने तो संपवला होता. तिने त्याला मुलीचं नाव विचारलं, ती कुठपर्यंत शिकली ते विचारलं. मला मात्र राहवलं नाही. आदल्या रात्री मी ज्याच्यासाठी रडले ते खोटं होतं, हे माझ्या मनातून जात नव्हतं. मला ते परत हवं होतं, या वेळी खरं.

मी म्हटलं, "हिरामणभाऊ, आज एक गाणं तरी तुम्ही वाजवा. कापसाचं. आम्ही तुम्हाला समोर बसून कधी ऐकलंच नाही."

"नाही जमणार, ताई."

"चुकलं तर चुकलं. लोक समजून घेतील. आम्हाला तुमचंच हवंय, चुकलेलं असलं तरी."

"विजू, पुरे," नसीम म्हणाली.

त्याने उजव्या हाताची मूठ मिटून पाहिली, उघडून पाहिली. "बघू," म्हणाला. आतून विवेकने हाक मारली आणि तो उठला. मी खूश होते. बसचं चाक बदलून झालं तेव्हा माझा नसीमवरचा राग कुठल्या कुठे गेला होता.

रविवार संध्याकाळ, धुळे

धुळ्याची थंडी जळगावच्या दुप्पट. पांझरा नदीकडून वारा येत होता आणि मैदानातली माणसं कानाला रुमाल बांधून, शाली पांघरून बसली होती. मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आयोजकांनी दोनदा सांगितलं, पुढे येऊन बसा. अनिलभाऊ आणि त्यांची बायको आमच्याच रांगेत होते.

पहिली दोन गाणी कालच्यासारखीच झाली. आता मला दिसत होतं. एकदा कळल्यावर दुसरं काही दिसतच नव्हतं. काडी खाली यायच्या आत आवाज यायचा.

तिसऱ्या गाण्याआधी हिरामण उठला. त्याने बाजूला बसलेल्या आवाजवाल्याला हाताने खूण केली, बंद कर. मग विवेकच्या माईकशी येऊन म्हणाला, "हाई गानं मी वाजाडस."

हे गाणं मी वाजवतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग त्या मधेच विरल्या. मग आत्तापर्यंत कोण वाजवत होतं, असा प्रश्न त्यांना पडला. तो प्रश्न रांगारांगांतून पुढे जाताना मला दिसला. विवेकने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. हिरामणने मान हलवली आणि जाऊन बसला.

तो सुरू झाला. रेकॉर्डिंगपेक्षा आवाज जाड होता, जरा मातकट. शेडमधून यायचा तसाच. विवेकने ते उचललं आणि तो गायला लागला. पहिलं कडवं संपलं, आणि तो एक ठोका आला. उशिरा आला. नसीमने डोळे मिटले. तेवढ्यासाठी मी चिपळुणाहून आले होते, आणि तेवढं मला मिळालं.

दुसऱ्या कडव्यात त्याचा उजवा हात जड झाला. लोकांच्या ते लक्षात आलं आणि त्याला साथ द्यायला म्हणून ते टाळ्या वाजवू लागले. चांगल्या मनाने वाजवत होते. पण टाळ्या गाण्याच्या लयीत पडत होत्या आणि तो मागे पडत होता. टाळ्या नसत्या तर विवेकने गाणं सावकाश घेतलं असतं, निभावून गेलं असतं. आता प्रत्येक टाळीगणिक तो किती मागे आहे हे सगळ्या मैदानाला ऐकू येत होतं. काडी त्याच्या हातातून सुटली. त्याने दुसरी घेतली. तीही सुटली. मग तो नुसत्या डाव्या हाताने वाजवू लागला.

मागून कुणीतरी शिट्टी मारली. कुणी ओरडलं, "टेप लाव रे, टेप!" हसण्याचा आवाज आला. फार लोक हसले नाहीत, पण हसणं लांबपर्यंत ऐकू जातं.

विवेकने मागे वळून त्याला हाताने थांबवलं. आवाजवाल्याने रेकॉर्डिंग लावलं. ड्रम एकदम स्वच्छ, भरदार वाजू लागले आणि हिरामण हात मांडीवर ठेवून त्यांच्या मध्ये बसून राहिला. गाणं संपल्यावर तो मागच्या पायऱ्यांनी उतरून गेला.

पुढची सगळी गाणी झाली. रिकामं स्टूल, आणि ड्रम वाजताहेत. पुढे काही लोक नाचतही होते. अनिलभाऊ बायकोला म्हणाले, "चाल," आणि दोघं उठून गेली. आम्ही मात्र शेवटपर्यंत बसलो. मला उठायचं धैर्य झालं नाही.

सोमवार, धुळ्याचं बसस्थानक

रात्री नसीमच्या आत्याकडे राहिलो. सकाळी नसीमच म्हणाली, "पिंपळनेरची पहिली बस बघू या. तो बँडच्या ट्रॅव्हलरने गेला नसेल." धुळ्याच्या त्या सरळ आखलेल्या, एकासारख्या एक गल्ल्यांतून आम्ही चालत निघालो. कोपऱ्याकोपऱ्यावर लोक टायर जाळून शेकत बसले होते. काही फोनवर काहीतरी पाहून हसत होते. दुसरंही काही असेल, पण मला ते कालच्या कार्यक्रमाचंच वाटलं.

तो होता. साक्री-पिंपळनेरच्या फलाटावर बाकावर बसलेला, पायाशी पिशवी. आम्हाला बघून उठला नाही, पण सरकून जागा केली.

मी वाक्य ठरवून आले होते. "हिरामणभाऊ, मी काल ते बोलायला नको होतं."

मला वाटलं, तो म्हणेल, जाऊ द्या ताई, तुमचं काय त्यात. अशा वेळी माणसं असंच म्हणतात. मीही त्याच्याकडून तेवढंच घ्यायला आले होते, हे मला तिथे उभी असताना कळलं.

तो म्हणाला, "नही बोलाले पाहिजे व्हतं."

मग माझ्याकडे न बघता, सावकाश म्हणाला, "तीन वर्षं मी मनाला सांगत होतो, हे आता येत नाही. सांगून सांगून मन गप्प झालं होतं. तुम्ही म्हणालात आणि मला वाटलं, येत असेल अजून."

स्थानकावर गाड्यांच्या घोषणा चालू होत्या. पिशवी जवळ ओढून त्याने विचारलं, "पहिलं कडवं कसं झालं?"

"छान झालं," मी म्हटलं.

त्याने ते ऐकलंच नाही. तो नसीमकडे बघत होता.

नसीम म्हणाली, "पहिलं कडवं बरोबर होतं. दुसऱ्याच्या सुरुवातीलाच हात ढिला पडला. तिथेच थांबायला हवं होतं."

"हां." त्याने मान हलवली. "तिथेच."

बस लागली. त्याने पिशवी डाव्या हातात घेतली, डाव्याच हाताने दांडा धरला आणि चढला. खिडकी पलीकडच्या बाजूला मिळाली असावी, कारण परत दिसला नाही.

नसीमला जळगावची बस मिळाली, मी नाशिकमार्गे निघाले. निघताना तिने मला मिठी मारली, पण "जाऊ दे" असं तीही म्हणाली नाही.

आता परत येऊन महिना झाला. बँडचा पुढचा कार्यक्रम जाहीर झाला आहे, जाहिरातीत तिघांचे फोटो आहेत आणि चौथा एक तरुण ड्रमवाला. ग्रुपमध्ये भांडणं चालूच आहेत. काही म्हणतात, धुळ्याला जे झालं तोच खरा कार्यक्रम, बाकी सगळं नाटक, हिरामणला सलाम. हे लिहिणारे बहुतेक धुळ्याला नव्हते. परवा वरणगावच्या एकाने मला नाव घेऊन विचारलं, तुम्ही दोन्हीकडे होतात, तुम्हाला कुठला आवडला?

मी लिहिलं, जळगावचा.

लगेच त्याने विचारलं, का? तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं. मी फोन काउंटरवर पालथा ठेवला आणि त्याच्या हातातली चिठ्ठी वाचू लागले.